पाखरीचा डोळा

सावरखेडच्या पुंजाजी पाटलांची घोडी अवसेच्या सकाळी रडते, हे डोणगावापासून लोणारपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि रडते म्हणजे खरंच रडायची हो! डाव्या डोळ्याची पापणी टरटरून सुजायची, आतलं पांढरं लालभडक व्हायचं, आणि पाण्याची धार गालावरून थेट नाकपुडीपर्यंत लागायची. उजेड म्हणून सोसायचा नाही बिचारीला. मान खाली घालून उभी राहायची, नाहीतर ठाणाच्या खांबाला डोळा घासत बसायची. चार दिवसांत डोळा निवळायचा, पाखरी पुन्हा चंदी खायला लागायची, आणि पुढची अवस आली की पहिले पाढे पंचावन्न.

पाणी भरायला निघालेल्या बाया पाटलांच्या दाराशी पाय ओढत चालायच्या. घोडीचा डोळा पाहिला की एकमेकींना कोपर मारायच्या. "आला वो बाई उद्धव," म्हणायच्या, आणि तोंडाला पदर लावायच्या. दुसऱ्याच्या घरातलं भूत पाहायला कोणाच्या जिवाला त्रास होतो? त्रास व्हायचा तो वच्छलाला, कारण उद्धव तिचा नवरा होता आणि तिच्या कपाळावरचं कुंकू त्या डोळ्यावर टिकून होतं.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चालायचा. त्या काळातली ही गोष्ट. उद्धव पाटलांचा थोरला पोरगा. उंच, गोरा, हसरा, आणि घोडीचा भारी नादी. पाखरीला त्याने कधी चाबूक लावला नाही. नुसती जीभ टाळूला लावून आवाज केला की ती वाऱ्यासारखी निघायची. वच्छलाला सासरी येऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. त्या साली पितरांच्या अवसेला तो लोणारला गेला, तिथल्या झऱ्याच्या धारेवर आजोबांच्या नावाने पाणी सोडायला. अवसेचा प्रवास करू नको म्हणून घरातल्यांनी सांगितलं होतं. ऐकतो कशाला!

तिन्हीसांजेला पाखरी एकटीच परत आली. खोगीर जागच्या जागी, लगाम तुटलेला, गुडघ्यापर्यंतचा चिखल वाळून पांढरा पडलेला, आणि डावा डोळा लालबुंद. पाटलांनी माणसं पाठवली. लोणारच्या लोकांनी तळ्याभोवतालची सगळी झाडी पालथी घातली. एका मेंढक्याने त्याला घोडी धरून तळ्याच्या काठाकडे उतरताना पाहिलं होतं, तेवढंच. त्या गाळात शिरलेलं परत येत नाही, असं म्हणून तिथली म्हातारी माणसं गप्प बसली.

आता देह नाही तर अग्नी कोणाला देणार? अशा माणसाची एक तप वाट पाहायची, आणि तप सरलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून तो जाळायचा, ही रीत. तोवर बायकोने कुंकू लावायचं. लोकांच्या घरी हे वाट पाहणं नावापुरतं असतं. पुंजाजी पाटलांनी मात्र ते जिवाशी धरलं.

"जनावराले दिसते ते आपल्याले दिसत नाही," ते म्हणायचे. "पाखरीचा डोया लाल होते तवरोक माहा पोरगा कुठंतरी हाये, अन् तो घराकडं येऊन राह्यला."

अवसेच्या सकाळी ते स्वतः पाखरीला ठाणातून बाहेर काढायचे आणि लोणारच्या वाटेकडे तोंड करून अंगणात बांधायचे. अंगावर झूल नाही, डोक्यावर सावली नाही. लांबून पोराला दिसली पाहिजे! ती सुजल्या डोळ्याने दिवसभर उन्हात उभी राहायची, आणि हे ओट्यावर बसून वाटेकडे पाहायचे. रात्री जेवताना उद्धवचा पाट मांडलेला असायचा. बोलता बोलता पाटील मध्येच त्या रिकाम्या पाटाकडे वळायचे, "नाही का रे?" म्हणायचे, आणि क्षणभर थांबून पुढे बोलायचे. वच्छला वाढताना तेवढा पाट चुकवून पुढे सरकायची.

गावात तिला काय कमी टोमणे होते! हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण कुंकू लावणारीचं बोट कपाळाला टेकतं न टेकतं तोच मागे यायचं. पाठ वळली की हसू. "पाखरीच्या डोयाची सवाष्ण" असं तिचं नावच पडलं होतं.

तिचा स्वतःचा विश्वास होता का? होता. तिला त्याचा चेहरा आता नीट आठवत नव्हता, मानेचा मागचा भाग तेवढा आठवायचा, घोडीवर बसून जाताना दिसायचा तो. अवसेच्या सकाळी ती पाखरीपुढे उभी राहायची आणि त्या लाल डोळ्यात डोकावायची. आत एक लहानशी आकृती दिसायची. ती आपलीच आहे हे कळायचं तिला, पण तरी ती मागे वळून पाहायची. मग पाण्यात फडकं बुडवून डोळा पुसायची, आणि पाखरी तिच्या खांद्यावर जड डोकं टेकवायची. त्या घरात इतकं जवळ येणारं दुसरं कोणी नव्हतं.

वर्षामागून वर्षं गेली आणि डाव्या डोळ्यावर निळसर साय धरली. गुरांच्या साथीसाठी तालुक्याहून सरकारी डॉक्टर आला होता. भला माणूस. त्याने जाता जाता घोडी पाहिली, पापणी उलटून पाहिली, आणि म्हणाला, "पाटील, हा डोळा गेल्यात जमा आहे. वारंवार आग होऊन आतून नासला. आता उजवा सांभाळा. धूळ नको, ऊन नको. तो एकदा असा लाल झाला, तर या वयात घोडी आंधळी होईल." पाटलांनी मान डोलावली, आणि पुढच्या अवसेला घोडी पुन्हा उन्हात बांधली.

तप सरत आलं होतं. पोळ्याची अवस आली. त्या सकाळी गोठ्यात बैल सजवणाऱ्यांची गर्दी होती, आणि पाखरीचा डोळा कोरडाच राहिला होता. सगळं गाव बैल सजवून तोरणाखाली जमलं होतं, पाटलांच्या घरातली माणसंही तिकडेच होती. ओवाळायच्या ताटात वच्छला सुपारी विसरली म्हणून घाईघाईने घरी परतली. गोठ्यातून पाखरीच्या खुरांचा आवाज आला. खूर आपटत होती, घुसमटल्यासारखी फुरफुरत होती. वच्छला दारात गेली.

तिची सासू झुंबरबाई, पाटलांची बायको, पाखरीची मान काखेत दाबून उभी होती. एका हाताने तिने डावी पापणी खाली ओढली होती, आणि दुसऱ्या हाताच्या बोटावर पांढरी पूड होती.

"आत्याबाई! काय करून राह्यल्या वो?"

म्हातारी दचकली नाही. तिने बोट पापणीत फिरवलं, घोडीची मान सोडली, आणि खाली बसून फडक्याची पुरचुंडी बांधायला लागली. पाखरी मान झाडत होती, धार लागली होती.

वच्छलाने पुरचुंडी हिसकावली. पूड जिभेला लावून पाहिली. पापडखार! घराघरात पापडाला लागतो तोच. तिच्या डोळ्यांपुढे साऱ्या अवसा उभ्या राहिल्या. 

"मुक्या जीवाचा डोया जाळला तुम्ही! काऊन? माणूस हाये का कोन हाये तुम्ही?"

"बोंबलू नको," झुंबरबाई म्हणाली. "बैस. सांगते."

वच्छला बसली नाही. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीकडे पाहत बोलली.

"त्याले म्याच सांगतलं होतं. लोणारले जाऊन राह्यला तर पापडखार आणजो, मनलं. दुकानातून आनाचा सोडून तो खार काढाले थेट तयाच्या काठाले उतरला. माहा पोरगा तसाच होता. खोगिराच्या थैलीत हा सापडला. थैली उसवून थोडा सांडला अन् घोडीच्या तोंडाले लागला होता, मनून तवा डोया लाल झाल्ता. बाकी काही नाही."

"अन् मंग?"

"मंग डोया बरा झाला. तुहे मामाजी जेवणं सोडून बसले. गेला पोरगा, मने, आता कशाले जगू. पुढची अवस आली. म्या मनलं, एकडाव लावून पाहू. लाल डोया पाहून ते उठले वो! भाकर मागतली. तुह्या कपायावरचं कुंकू राह्यलं. आता सांग, सोडू कशी?" तिने पुरचुंडीसाठी हात पुढे केला. "त्याच्या हातचं हेच उरलं हाये. अन् अजून एक सांगते. दर अवसेले मी आधी थांबते. उजाडेपर्यंत वाट पाहते. वाटते, आज आपोआप होईन. म्या हात नाही लावला तरी होईन. एकडाव तरी व्हावा, पोरी! कधीच नाही झाला."

वच्छलाला तिला मारावंसं वाटत होतं आणि कवटाळावंसंही. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. पुरचुंडी परत दिली आणि सुपारी घेऊन तोरणाकडे गेली. त्या दिवशी तिने बैलांना ओवाळलं, पण कोणाचे बैल होते हेही तिला कळलं नाही.

पोळ्यानंतर डावा डोळा पांढरा पडला तो पडलाच. त्यात आता लाल व्हायलाही काही उरलं नव्हतं.

वच्छला कोणाला काही बोलली नाही. का? कुंकवासाठी, दुसरं काय! ते गेलं की पाठोपाठ बांगड्या जाणार, आणि उरलेला जन्म मागच्या खोलीत काढायचा. तिला ते नको होतं. स्वतःची लाज वाटायची, आणि तरी नको होतं.

पितरांची अवस जवळ आली तसा धाकटा दीर शालिग्राम एकदा जेवताना स्पष्टच बोलला. तो वाईट माणूस नव्हता. 

"बाबा, या अवसेले तप भरते. दादाले आजवर पिंडाचा घास नाही, पान्याचा थेंब नाही. तो पडला असंल तिथंच घुटमळत असंल. त्याले कोनी जाऊच देऊन नाही राह्यलं."

पाटील रिकाम्या पाटाकडे वळले. मग म्हणाले, "बरं. या अवसेले घोडीचा डोया लाल झाला, तर पुतळ्याचं नाव माह्यापुढं पुन्हा काढू नको. नाही झाला, तर पळस तोडाले मी स्वतः येतो."

पैज लागली ती अशी.

अवसेच्या आदल्या दिवशी झुंबरबाई हिवतापाने अंथरुणाला खिळली. दात वाजत होते, उठून बसायचं त्राण नव्हतं. तिन्हीसांजेला तिने वच्छलाला हाक मारली आणि उशाखालून पुरचुंडी काढून तिच्या हातात कोंबली. चिमूटभरच उरली होती.

"आज तू जाय. उजव्यात लाव. डावा मेला."

"आत्याबाई, डाक्तर काय मनला होता—"

"मले नको सांगू. मामाजीकडं पाह्य. तुह्याकडं पाह्य."

वच्छला पुरचुंडी घेऊन गोठ्यात गेली. पाखरीला तिच्या पायांचा आवाज ओळखू आला. मान वळवून, चांगला डोळा तिच्याकडे करून घोडीने नाक पुढे काढलं आणि ती गुळासाठी वच्छलाचा पदर हुंगायला लागली. काळाभोर, स्वच्छ डोळा. वच्छला त्याच्याकडे पाहत राहिली. मग ती मागच्या दारी गेली, पुरचुंडी मोरीत रिकामी केली, फडकं चुलीत टाकलं, आणि राखेने कोपरापर्यंत हात घासले. जाऊ दे, म्हणाली. जायचं ते जाऊ दे. परत येऊन तिने गोठ्याचं दार आतून लावलं आणि दाराशीच घोंगडी टाकून आडवी झाली. घरातलं आणखी कोणी येऊन काही करील, याचा तिला आता भरवसा राहिला नव्हता.

पहाटे पाखरीच्या फुरफुरण्याने तिला जाग आली. फटीतून उजेड येत होता. दाराची कडी तशीच होती.

घोडी खांबाला उजवा डोळा घासत होती.

वच्छला उठून जवळ गेली. पापणी सुजलेली, आत लालभडक, गालावर धार. तिने पापणी हळूच खाली ओढून पाहिली. पांढरा कण नाही. पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. नुसतं खारट, माणसाच्या आसवांसारखं. ती पुन्हा कडीकडे गेली, हात लावून पाहिली, पुन्हा घोडीपाशी आली.  तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कित्येक वर्षांत तसा ओढला नव्हता.

पाखरीचे दोन्ही कान ताठ होऊन तिच्या पाठीमागे रोखलेले होते.

"आले?" वच्छलाने विचारलं. तिने मागे वळून पाहिलं नाही.

 घोडीने कान हलवले नाहीत, आणि उजेड वाढेपर्यंत दोघीही तशाच उभ्या राहिल्या.

मग बाहेरून पाटलांचा आवाज आला. वच्छलाने कडी काढली. पाटील आत आले, त्यांनी घोडीचा डोळा पाहिला, आणि तो एवढा मोठा माणूस घोडीच्या पायांशी बसून लहान पोरासारखा हसायला लागला. "आला! आला रे माहा लेक! शालिग्राम, पाह्य! उजव्या डोयात आला!" शालिग्राम दारात उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"काढा तिले बाहेर! झूल फेका! वाटेकडं तोंड करा!"

त्यांनी स्वतःच दोर सोडला आणि पाखरीला अंगणात ओढलं. ऊन डोळ्यात शिरलं तशी घोडी किंचाळली. उंबऱ्याला अडखळून गुडघ्यांवर आली, उठली, आणि पुढे काही दिसत नसल्यासारखी जागच्या जागी पाय आपटत राहिली.

वच्छला ते पाहत होती. तो आला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कोणी न बोलवता, आपल्या पायांनी आला होता. आणि आल्यावर त्याला काय दिसलं? ज्या घोडीला त्याने कधी चाबूक लावला नाही, तिची ही दशा. पुढच्या अवसेला बाप पुन्हा हाक मारणार. आई उठून पुन्हा कुठून तरी खार आणणार. आणि त्याने यायचं, पुन्हा पुन्हा यायचं, दारापर्यंत यायचं आणि आत यायचं नाही. तिचा जीव त्याच्यासाठी असा तुटला, की लग्न होऊन आली तेव्हाही तुटला नव्हता.

"मामाजी," ती म्हणाली. सासऱ्यापुढे ती आजवर कधी मोठ्याने बोलली नव्हती. "सोडा तिले. कोनी आलं नाही. तिच्या डोयात पापडखार हाये. म्या घातला."

पाटलांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"आजच नाही. पहिल्यापासून सगया अवसांले म्याच घातला."

"काऊन?" पाटलांनी विचारलं. 

"कुंकवासाठी."

कोणाला नवल वाटलं नाही. हेच तिला सगळ्यात लागलं. अंगणात जमलेल्या बायांपैकी एकीच्याही तोंडून, नाही वो, वच्छला असं करायची नाही, एवढं निघालं नाही. सगळ्यांना ते आधीपासून माहीत असल्यासारखं पटलं. कोणी थुंकलं, कोणी चेटकी म्हणालं. पाटलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते उठले, घोडीच्या डोक्यावर झूल टाकली, तिला हळूहळू गोठ्याच्या अंधारात नेऊन बांधली, आणि शालिग्रामला म्हणाले, "चाल. पळस तोडाले."

दुपारी नाल्याच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा जळला. बापाने अग्नी दिला. घरी बायांनी वच्छलाला भिंतीशी बसवून तिच्या बांगड्या फोडल्या, आणि त्यात कोणाचा हात जरा जास्तच जोरात पडला.  तिला एकच कळत होतं, की गावात आज तो आल्याचं फक्त तिला ठाऊक आहे, आणि त्याला तिनेच पाठवून दिलं आहे.

पुरुष नाल्यावरून परतले. अंगणात शालिग्राम आंघोळ करत होता, त्याच्या कपड्यांना धुराचा वास होता. आतल्या खोलीतून झुंबरबाईने हाक मारली. वच्छला जाऊन अंथरुणाशी बसली. म्हातारीने तिचं मनगट धरलं. हात तापाने भाजत होता.

"माहं सगयं पाप तू आंगावर घेतलं. ऐकलं म्या इथून." तिचे ओठ कोरडे पडले होते. "ते राहू दे. मले एकच सांग, माय. खोटं बोलू नको. रात्री तू लावला होता का?"

डोळे मोठे झाले होते तिचे. एवढ्या आजारातही त्या डोळ्यांत अशी काही आशा होती, की वच्छलाला तिच्याकडे पाहवेना. नाही म्हणायचं होतं तिला. आत्याबाई, तुम्ही वाट पाहिली तसंच झालं, आपोआप झालं, असं सांगायचं होतं. पण मग या बाईला हेही कळणार होतं, की पहाटे दारात आलेल्या पोराला दुपारी आपल्याच घरच्यांनी जाळलं.

"हाव, आत्याबाई," वच्छला म्हणाली. "होता नव्हता तेवढा सगया लावला."

झुंबरबाईने मनगट सोडलं. ती भिंतीकडे तोंड करून वळली, आणि तपभर न रडलेली ती बाई मेलेल्या पोराची आई रडते तशी मोठ्याने रडायला लागली. वच्छला उघड्या हाताने तिची पाठ चोळत बसली.